पोफळीला थांबलेलं वऱ्हाड

माझ्या अंबाड्यात अर्धा गजरा माळून झाला होता आणि उरलेला अर्धा आत्येबहिणीच्या हातात होता, तेव्हा लोपीसचा फोन आला.

"वैदेही, लग्न उद्या ना तुझं?"

"उद्या. आज सीमांतपूजन आहे. संध्याकाळी कराडहून वऱ्हाड येतंय. का रे?"

"नाही म्हणजे... रागावू नकोस हं. पण वारा सरळ झालाय."

मी उठलेच. आत्येबहीण ओरडली, "अगो, गजरा!" पण माझं कुठलं लक्ष? मोबाइल कानाला लावून मी मागच्या पडवीत गेले.

लोपीस म्हणजे आमच्या संस्थेतला माझा सहकारी. वसईचा, सरळमार्गी, पण भित्रा. 'वारा सरळ झालाय' हे आमच्यातलं बोलणं होतं, बाहेरच्याला त्यातलं काही कळू नये असं. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा एक वारा सतत वाहत असतो आणि येताना सूर्याचं चुंबकत्वही सोबत ओढून आणतो. त्या चुंबकीय रेषा पृथ्वीपाशी येतात त्या बहुतेक वेळा तिरक्या. क्वचित कधीतरी त्या सूर्यापासून थेट आपल्याकडे, ताणलेल्या दोरीसारख्या सरळ होतात आणि काही तास तशाच राहतात. असं झालं की पृथ्वीच्या चुंबकीय ढालीवर आपटलेल्या कणांतले थोडे कण उलटे फिरतात आणि त्याच रेषा धरून, समोरून येणाऱ्या वाऱ्यात घुसत मागं पळतात. त्यांच्या त्या घुसण्यानं वाऱ्यात लाटा उठतात. माझा सगळा प्रबंध त्या लाटांवर होता. लाटा आहेत हे जगाला ठाऊक होतं, पण आमच्या यंत्रानं त्या जितक्या बारकाईनं टिपायला हव्या होत्या तितक्या एकदाही टिपल्या नव्हत्या. एक तर वारा तिरका असायचा, नाहीतर वारा सरळ आणि उपग्रह पृथ्वीच्या भलत्याच बाजूला.

"उपग्रह कुठाय?" मी विचारलं.

"तेच सांगतोय. बरोब्बर बाहेर. ढालीच्या उंबऱ्यावर."

तुळशीकट्ट्यावर बसले मी.

"मग निवड कर ना!"

"तीच तर अडचण आहे," लोपीस म्हणाला.

ही निवड काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. आमचं यंत्र दिवसभर घागरभर नोंदी घ्यायचं, पण पृथ्वीवर पाठवता यायचं ते फुलपात्रभर. म्हणून आधी एक ओबडधोबड गोषवारा खाली यायचा. तो बघून, कुठला तुकडा सविस्तर हवा ते ड्यूटीवरच्या माणसानं ठरवायचं आणि पुढच्या भेटीच्या वेळी, म्हणजे उपग्रह अँटेनासमोर आला की, तसा निरोप धाडायचा. निरोप गेला नाही तर यंत्र आपल्या मनानं सगळ्यात मोठा धडाका निवडायचं आणि बाकीच्यावर नवं लिहून मोकळं व्हायचं. आणि माझ्या लाटा होत्या मोठ्या धडाक्याच्या आधीच्या, शांत, बारीक.

"मला धडाक्याआधी एक रेघ दिसतेय," लोपीस म्हणाला, "पण मला वाटतं तो हीटर आहे."

"हीटर कशावरून?"

"मागे दोनदा तुझी लाट म्हणून आपण काय निवडलं होतं? हीटरच निघाला ना? सरांनी कसं फाडून खाल्लं होतं आठवतंय? मी नाही बाबा परत तुझी लाट निवडणार. तूच बघ आणि सांग. सर विमानात आहेत. भेट दिवेलागणीला आहे."

यंत्र थंडीनं गारठू नये म्हणून त्याला ऊब देणारा एक हीटर होता. तो चालू झाला की नोंदीत गुणगुण उमटायची आणि ती हुबेहूब लाटेसारखी दिसायची. ही चूक जगात फक्त आमच्यासारख्यांनाच करता येते. कोट्यवधी किलोमीटरवरून आलेला वारा समजून आपल्याच शेगडीचा आवाज ऐकत बसायचा. विजेच्या आणि चुंबकाच्या, अशा दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तर खरंखोटं कळायचं, पण त्या मला डोळ्यांनी बघायला हव्या होत्या. लोपीसनं फोनवर वर्णन करून भागणार नव्हतं.

तेव्हा घरात इंटरनेट म्हणजे चैन होती. चिपळूणच्या बाजारपेठेत एक सायबर कॅफे होता, तोच काय तो आधार. पण त्यासाठी आप्पांना विचारायला हवं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. बाजारपेठेत खातूंचं भांड्यांचं दुकान. स्वभावानं लोण्यासारखे, पण व्याह्यांचा विषय निघाला की घाबरून दगड व्हायचे. त्याला कारण होतं. माझ्या होणाऱ्या सासूबाई, मालिनीबाई शेट्ये, यांच्या नावाचा आमच्या घरात दबदबा होता. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या, चेहऱ्यावरची माशी न हलणाऱ्या. थोरल्या मुलाच्या लग्नात पाय धुवायला पितळी कलश आणला म्हणून त्या मांडवातून उठून गेल्या, अशी बातमी दिनूमामानं कुठूनशी पैदा केली होती. तेव्हापासून आप्पांनी स्वतःच्या दुकानात असतील नसतील ते सगळे कलश बाजूला सारून रत्नागिरीहून चांदीचा मागवला होता.

मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "काय करतेस नेमकं?" मी सूर्याच्या वाऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तो अडतो कुठं?" मी म्हटलं, "पृथ्वीच्या अलीकडं. वेशीवर म्हणा ना." त्यावर त्या "हं" म्हणाल्या आणि पोहे खायला लागल्या. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात आमच्या घरानं महिना घालवला होता.

आणि आता त्यांचा निरोप होता की सुनेची ओटी आमच्यात वेशीवरच भरतात, तेव्हा मुलीला तिथं आणा. म्हणून आप्पांनी हॉलच्या दारात उरकायचं सोडून कराड रस्त्यावर, गावाच्या शिवेजवळच्या गणपतीच्या देवळात सीमांतपूजन मांडलं होतं. पाट, रांगोळी, चांदीचा कलश, नवरदेवाचा पोशाख, सगळं सकाळपासून तिथं जाऊन बसलं होतं.

मी आप्पांसमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आज? सायबर कॅफेत? ह्या वेषात?"

"आप्पा, हे परत मिळणार नाही. वारा सरळ, उपग्रह तिथं, दोन्ही एकदम कधी येईल कोण जाणे. माझी फेलोशिप यंदा संपतेय. हे नाही मिळालं तर माझा प्रबंध म्हणजे दोन हीटर आणि एक माफीपत्र."

"आणि बस आली, आणि वेशीवर नवरी नाही, तर? विहीणबाई तशाच फिरतील मागं. मग मी कुठं तोंड लपवू?"

मला रडूच आलं. काजळ ओघळायला लागलं. आई मधे पडली नाही; नुसती माझ्याकडं आणि आप्पांकडं बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढं आप्पांचं कधीच काही चाललं नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. "पण माझी एक अट. मी तुझ्याबरोबर येणार. दिनू मोटारसायकलवर पुढं जातोय, बस घाट उतरली की मला फोन करील. त्याचा फोन आला की उठायचं. तुझं अर्धं राहिलेलं असो, पाव राहिलेलं असो. कबूल?"

"कबूल."

"वचन दे."

दिलं. मग आप्पा दिनूमामाकडं वळले. "आणि तू. तिकडच्या मंडळींना यातलं अक्षर कळता कामा नये. मुलगी देवळात बसलीय, वाट बघतेय, एवढंच म्हणायचं."

"मी कशाला सांगू?" मामा दुखावल्या सुरात म्हणाला. मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, पण दुसरं कोण जाणार? घाटाखाली वऱ्हाडाला सामोरं जायचा मान मामाचाच.

तर असे आम्ही बाजारपेठेतून निघालो. पुढं जरीची टोपी आणि उपरणं घातलेले आप्पा, मागं हिरवा शालू, अर्धा गजरा आणि पायात स्लिपर घातलेली मी. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. "काय खातूशेठ, नवरी घेऊन कुठं?" आप्पा कुणाकडं न बघता म्हणत होते, "जरा काम आहे, काम आहे."

सायबर कॅफे म्हणजे कपड्याच्या दुकानावरचा पोटमाळा. मालकानं आम्हाला बघितलं आणि न विचारता पंखा लावला. मी बसले, आप्पा शेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले, मोबाइल मांडीवर घेऊन. लोपीसनं पहिलं चित्र पाठवलं होतं. ते पडद्यावर वरून एकेक पट्टी करत उतरायला लागलं.

"हे काय असं?" आप्पांनी विचारलं.

"नेट हळू आहे."

"पेजेसारखं सांडतंय की."

विजेच्या नोंदीचं चित्र पूर्ण झालं. डावीकडं स्वच्छ वारा, उजवीकडं ढालीवरचा धडाका, आणि मधल्या शांत पट्ट्यात ती रेघ. होती खरी. पण लोपीस म्हणत होता तशीच, हीटरसारखी सरळ वाटणारी.

"दुसरं पाठव," मी फोनवर म्हटलं. "चुंबकाचं. आणि वाऱ्याच्या वेगाचंही."

"ती मोठी आहेत गं. वेळ लागेल."

दुसरं चित्र सुरू झालं. एक पट्टी आली आणि थांबलं. मग अर्धी पट्टी. खाली बाजारात उन्हं कलायला लागली होती. आप्पा आधी मोबाइलकडं बघत होते, मग हळूहळू पडद्याकडंच बघायला लागले.

"यात नेमकं काय दिसायला हवं?" त्यांनी विचारलं.

"ह्या चित्रात रेघ आहे ना, तीच इथंही दिसायला हवी. आणि तिनं हलायला हवं, आप्पा. हीटर एका सुरात राहतो. खरी लाट वाऱ्याबरोबर खालीवर होते."

"आणि नसली तर?"

"नसली तर हीटर."

"हं," आप्पा म्हणाले, आणि देवाला करतात तसा त्यांनी संगणकाला चटकन हात जोडला. माझ्या लक्षात आलंय हे बघून उपरणं सारखं केलं.

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. मी ऐकलं, कारण दिनूमामा फोनवर कधी हळू बोललाच नाही.

"आप्पा, बस घाट उतरली! पोफळीला आहे. मंडळी चहा घेतायत. चहा झाला की निघतो."

पोफळीहून वेस म्हणजे फार तर अर्धा तास. देवळात पोचून, ओघळलेलं काजळ पुसून मला पाटाजवळ उभं राहायचं होतं. चित्र वरच्या पावभागापर्यंत आलं होतं. त्यात अजून काहीच नव्हतं.

आप्पा माझ्याकडं बघेनात. स्टुलावरून उठले, टोपी सारखी केली.

"वैदू," ते म्हणाले. एवढंच.

मी वचन दिलं होतं. फोनवर लोपीसला म्हटलं, "लोपीस, मी जातेय. तुला पटेल ते निवड."

"अगं पण..."

"तुला पटेल ते. तुझी काही चूक होणार नाही."

फोन बंद केला आणि उठले. खोटं का बोला, त्या क्षणी मला होणाऱ्या नवऱ्याचा, निशिकांतचा राग आला, त्याच्या आईचा आला, कराडचा आला, कुंभार्ली घाट बांधणाऱ्यांचासुद्धा आला. पण आप्पांचा नाही आला. जिना उतरायला पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर आप्पांचा फोन पुन्हा वाजला.

"आप्पा!" मामाचा आवाज. "घाई करू नका हां. टायर... टायर बसलाय बसचा. तासभर तरी लागेल. बरं का, तासभर. वैदूला सांगा."

"टायर? कुठला?"

"मागचा! आता कुठला काय विचारता, टायर तो टायर!" आणि फोन कट.

आप्पा दोन पायऱ्या खाली उभे होते, मी वर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद दुकानाच्या उद्घाटनालाही पाहिला नव्हता.

"जा, परत जाऊन बस," ते म्हणाले. "उभी काय राहतेस?"

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. आप्पा आता उभ्यानं पडद्याला चिकटले होते. "आली, पट्टी आली. थांबली. चल गो बाई, चल." मालकानं खालचं गिऱ्हाईक परत पाठवून बाकीचे संगणक बंद केले, म्हणजे सगळं नेट आम्हाला मिळावं. आणि मग चित्राच्या मधल्या भागात ती रेघ उमटली. तिथंच, त्याच पट्ट्यात. सरळ नव्हती. थरथरत खाली उतरत होती, वर चढत होती, पुन्हा उतरत होती.

"हलतेय," आप्पा कुजबुजले. "वैदू, हलतेय गो!"

तिसरं चित्र वाऱ्याच्या वेगाचं. तो ढालीवर आदळतो तिथं वेग एकदम पडतो, हे अपेक्षितच. पण आदळण्याच्या आधी, बरंच आधी, जिथं माझी रेघ थरथरत होती तिथंच, वेगाची रेषा किंचित खाली वाकलेली होती. वाऱ्यानं पृथ्वीपाशी पोचायच्या आधीच पाऊल आवरतं घेतलं होतं. पुस्तकात हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी, आमच्या यंत्रातून, मी पहिल्यांदा बघत होते.

मी लोपीसला फोन लावला. "तो हीटर नाही. तुकडा लिहून घे." सुरुवात सांगितली, शेवट सांगितला. लोपीसनं परत वाचून दाखवलं. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला, "गेला निरोप. उपग्रहानं पोच दिली." मग म्हणाला, "लग्नाच्या शुभेच्छा गं." मी आणि आप्पा, दोघंही रडत होतो. मालक पैसेच घेईना.

देवळात पोचलो, आत्येबहिणीनं उरलेला अर्धा गजरा माळला, आणि बस आली.

आप्पांनी निशिकांतचे पाय धुतले, पोशाख दिला. त्यांचे डोळे अजून ओले होते. सगळ्यांना वाटलं, मुलीचा बाप आहे. मग मालिनीबाई माझ्यासमोर आल्या. तोच चेहरा, इकडची रेषा तिकडं नाही. टायरबद्दल हळहळायचं की नुसतं हसायचं, तेच मला सुचेना. त्यांनी माझ्या पदरात तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला आणि ओणवून, ओठ न हलवता विचारलं,

"झालं का पुरं?"

"काय?" मी म्हटलं.

"पदर नीट धर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सवाष्णीला जागा करून देऊन बाजूला झाल्या.

मला काही उमजेना. मंडळी हॉलकडं निघाली. आप्पा बसच्या ड्रायव्हरला नारळ आणि पाकीट द्यायला गेले, मी त्यांच्या मागंच होते.

"टायरचा त्रास झाला तुम्हाला," आप्पा म्हणाले.

"कसला टायर?" ड्रायव्हर म्हणाला. "टायर नवेकोरे आहेत मालक. आम्ही पोफळीला भजी खात बसलोवतो. बाईंनी सांगितलं, मी म्हणेस्तोवर गाडी हलवायची न्हाई. एवढी भजी खाल्ली, आता तुमचं जेवण जायचं न्हाई."

आप्पांनी वळून दिनूमामाला शोधलं. मामा देवळाच्या खांबामागं होता.

"दिन्या!"

"मी काही नाही केलं!" मामा म्हणाला. "त्यांनी विचारलं, मुलगी पोचली का देवळात. मी म्हटलं हो. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, आप्पा. बोलल्यासुद्धा नाहीत. नुसतं बघितलं. मग मी सांगितलं सगळं."

"सगळं?"

"हीटरसकट."

आप्पा देवळाच्या पायरीवर मटकन बसले. मग खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून हसायला लागले. मामाला आधी वाटलं ते रडतायत.

मी सासूबाईंना गाठलं ते हॉलवर, साखरपुड्याची तयारी चालली होती तेव्हा. त्या एका खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मी वाकले, नमस्कार केला, आणि तिथंच त्यांच्या पायाशी बसून राहिले.

"आई," मी पहिल्यांदाच तसं म्हटलं, "तुम्ही बस थांबवलीत."

"लोकांना चहा हवा होता."

"ड्रायव्हर म्हणाला."

त्यांनी ड्रायव्हरच्या दिशेनं अशी नजर टाकली की बिचारा जिलबी सोडून उठला असता. मग बोलल्या, पण माझ्याकडं बघून नाही.

"मी एक्स्चेंजला होते. कराडला. पुण्याला ट्रेनिंग देणाऱ्या बाईंची जागा होती, तीनशे मुलींत मला विचारणार होते. साहेब म्हणाले, अमुक दिवशी घरी ट्रंक कॉल येईल, हो किंवा नाही त्याच वेळी सांगायचं. कॉल आला. मी रिसीव्हर उचलला, पलीकडून 'मालिनी शेट्ये का' एवढं ऐकलं, आणि दारात पाहुणे आले. दिराला मुलगी सांगून आलेली. सासूबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि खाली ठेवला. पाहुणे दारात असताना सून फोनवर बरी दिसत नाही म्हणून. दिवसभर लोकांना लाइनी जोडून द्यायचे मी. माझी लाइन काही परत लागली नाही."

"मग?"

"मग काय, पोहे केले."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"तुझा मामा म्हणाला, पोरगी रडत उठेल पण वचन मोडायची नाही," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांपायी ते ओढवत होतं, आणि पाहुणे आम्हीच. मग आम्ही पोचलोच नाही तर तुला कोण उठवणार? एवढं सोपं होतं ते."

"आणि तो कलश?" न राहवून मी विचारलं. "थोरल्या भाऊजींच्या लग्नात पितळी कलश होता म्हणून तुम्ही उठून गेलात?"

"कोण म्हणतं? मला चक्कर आली होती. उपास होता." त्या उठल्या, निऱ्या सारख्या केल्या. "चल. आता उशीर केलास तर मात्र बोलेन."

तो तुकडा लग्नानंतर पूर्ण उतरला आणि त्यात माझ्या लाटा होत्या, अगदी पहिल्या थरथरीपासून. प्रबंध झाला. त्यावर पुढं मोठा लेखही झाला: पृथ्वीकडून उलटे फिरलेले थोडे कण समोरून येणाऱ्या वाऱ्यात शिरतात, लाटा उठवतात, आणि वारा आदळायच्या आधीच कसा नि कितीसा मंदावतो, त्याचा. लेखाच्या शेवटी ज्यांची मदत झाली त्यांचे आभार मानायची पद्धत असते. मी सरांचं लिहिलं, लोपीसचं लिहिलं, आप्पांचं लिहिलं, आणि मग मामाचं आणि सासूबाईंचं, पूर्ण नावानिशी: दिनकर पाटणे आणि मालिनी शेट्ये. परदेशी संपादकांनी विचारणा केली की या दोघांची संस्था कोणती आणि त्यांचं नेमकं योगदान काय. मी कळवलं की संस्था नाही. एक जण समोरून येणाऱ्यांत उलटा शिरला, आणि दुसरीनं त्यांचा वेग कमी केला. संपादकांना काय समजलं देव जाणे, पण नावं छापून आली.

अंक घरी आला त्या दिवशी मी तो घेऊन सासूबाईंकडं गेले. तेव्हा त्या थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसायचं. मी ते पान काढलं, त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि वाचून दाखवलं. बोट तिथंच होतं, नावावरून हळूहळू पुढंमागं फिरत होतं. निशिकांत दारात उभा राहून बघत होता आणि डोळे पुसत होता. भजी खाणाऱ्यांत तो पुढं होता आणि त्याला त्या दिवशी कशाचाच पत्ता नव्हता, ही खंत त्यानं आजवर सोडलेली नाही.

"परत वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"मामांचं नाव आधी आणि माझं मागनं?" त्या म्हणाल्या. "वरमाय मी आहे ना?"

"आई, ते..."

"काही सांगू नकोस," त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग मान फिरवली. "वेशीवर मी एका शब्दानं बोलले नाही. पण मानपानात चूक केलीच शेवटी खातूंनी."